भिंत, सूट आणि निळा रंग : पा. रंजित यांच्या सिनेमातील रंगांचा प्रवास

जयंती जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन कामांची घाई सुरू होते. एक डीजेची, दुसरी फ्लेक्सची. डीजेवर बोलून बोलून आम्ही दमलो आहोत, म्हणून आज फ्लेक्सवर बोलू. वर कोपऱ्यात बाबासाहेब, दुसऱ्या कोपऱ्यात तथागत, मध्ये एका स्थानिक नेत्याचा हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली तीस-चाळीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साइज चेहरे. पार्श्वभूमी निळी. निळी असली की फ्लेक्स आपला झाला, एवढाच आपला रंगविचार. तो निळा कुठून आला, तो कुणाच्या शेजारी लावला की काय बोलतो, हा प्रश्न आपल्या बैठकीत कधी निघत नाही.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभराचा विषय केला असा एक दिग्दर्शक तामिळनाडूत आहे. पा. रंजित. आपल्याकडे बहुतेकांना ते रजनीकांतच्या ‘काला’मुळे माहीत आहेत. ‘काला’ पाहून शिट्ट्या वाजवणारे आपल्यातले अनेक जण आहेत, आम्हीही वाजवल्या. पण त्या सिनेमातला शेवटचा रंगांचा प्रसंग अचानक आलेला नाही. त्याच्यामागे एका चित्रकाराचा बराच लांबचा प्रवास आहे, आणि तो समजून घेतला तर आपल्या चळवळीतल्या तरुणांना, विशेषतः मोबाईलवर व्हिडिओ बनवणाऱ्यांना आणि भिंती रंगवणाऱ्यांना, त्याचा उपयोग आहे.

रंजित यांचा जन्म १९८२ चा. चेन्नईजवळच्या आवडीच्या बाजूला कारलपाक्कम नावाचे गाव आहे, तिथले ते. शिक्षण चेन्नईच्या शासकीय कला महाविद्यालयात, म्हणजे आधी हातात कुंचला आला आणि मग कॅमेरा. कॉलेजात असताना चित्रपट महोत्सवांना जाण्याची सवय लागली, ‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’सारखे सिनेमे पाहिले. पुढे व्यंकट प्रभू यांच्याकडे सहायक म्हणून काम केले आणि २०१२ मध्ये ‘अट्टकत्ती’ हा पहिला सिनेमा केला. त्यात गावाकडचे, शहराच्या काठावरचे पोरगे बसमधून ये-जा करते आणि प्रेमात पडत राहते. वरवर हलकाफुलका सिनेमा. पण त्यातली वस्ती, घरे, ताटातले जेवण तमिळ पडद्यावर असे क्वचितच आले होते.

खरी सुरुवात ‘मद्रास’पासून झाली असे आम्हाला वाटते. २०१४ चा सिनेमा. उत्तर चेन्नईतली हाउसिंग बोर्डाची वसाहत, आणि त्या वसाहतीतली एक मोठी भिंत. कथेचे मुख्य पात्र ती भिंतच आहे. एका राजकीय पक्षाचे दोन गट पडले आहेत आणि भिंतीवर कुणाच्या नेत्याचे चित्र असावे यावरून पिढ्यान्‌पिढ्या खून पडत आहेत. वस्तीतली तरुण पोरे त्या भिंतीसाठी मरतात, आणि ज्यांचे चेहरे भिंतीवर आहेत ते मात्र सुखरूप असतात. नायक काली आयटी कंपनीत नोकरी करणारा, वस्तीतच राहणारा. शेवटी त्या भिंतीवरच्या चेहऱ्यावर रंग फेकला जातो आणि तो निळा असतो.

हा प्रसंग पाहताना आम्हाला आपल्या गल्लीच्या तोंडावरचा फ्लेक्स आठवला नसता तरच नवल. भिंत कुणाची, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तही एक भिंत आहे. जब्याचे कुटुंब मेलेले डुक्कर काठीला बांधून घेऊन चालले आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. मंजुळे यांची भिंत काही न बोलता बघत राहते, तर रंजित यांच्या भिंतीसाठी माणसे एकमेकांवर तुटून पडतात. दोन्ही सिनेमे साधारण एकाच काळातले, भाषा वेगळ्या, दिग्दर्शक वेगळ्या राज्यांतले. तरी दोघांनाही वस्तीतल्या रंगवलेल्या भिंतीकडे कॅमेरा वळवावासा वाटला. आपल्या लोकांकडे कलादालने नव्हती, भिंती होत्या.

इथे थोडे तांत्रिक सांगायला हवे. सिनेमात रंग आपोआप येत नाही. पटकथा झाली की कलादिग्दर्शक ठरवतो की घराच्या भिंती कोणत्या रंगाच्या, पडदे कोणते, बादली कोणती. वेशभूषाकार त्याला धरून कपडे निवडतो. छायालेखक प्रकाश ठरवतो, कारण तोच निळा पिवळ्या बल्बखाली हिरवट दिसतो आणि पहाटेच्या उजेडात गडद. शेवटी संगणकावर सगळ्या दृश्यांचे रंग जुळवून घेतात, त्याला ग्रेडिंग म्हणतात. रंजित यांच्याकडे या कामासाठी वर्षानुवर्षांची जमलेली माणसे आहेत. छायालेखक जी. मुरली आणि कलादिग्दर्शक टी. रामलिंगम यांनी ‘मद्रास’, ‘कबाली’, ‘काला’, ‘सारपट्टा परंबरै’ हे सिनेमे त्यांच्यासोबत केले. त्यामुळे त्यांच्या सिनेमात एखाद्या घराचा दरवाजा निळा असेल तर तो कुणीतरी बसून ठरवलेला असतो.

गरिबांची वस्ती दाखवायची तर आपल्या सिनेमावाल्यांचा एक ठरलेला मातकट रंग असतो. सगळे धुळकट, कळकट, भुऱ्या उजेडात. बाहेरून येणारे तर थेट उकिरड्यापासून सुरुवात करतात. ‘स्लमडॉग मिलेनियर’मधला शौचालयाचा प्रसंग आठवा. प्रत्यक्षात आपल्या वस्तीतल्या एका खोलीत जा. पोपटी, आकाशी, गुलाबी भिंती. स्टीलची भांडी एका ओळीत चकचकीत लावलेली. दारावर तोरण, आत बुद्धमूर्तीभोवती लाइटची माळ. आमच्या कामानिमित्त आम्ही शेकडो घरांत बसलो आहोत. मातकट घर क्वचितच पाहिले. जागा दहा बाय दहाची असते, पण रंगाची हौस दांडगी. रंजित यांच्या सिनेमातल्या वस्त्यांमध्ये ही हौस दिसते, आणि म्हणून त्या बघताना आपल्या वाटतात.

‘मद्रास’नंतर प्रवास थेट मलेशियाला गेला. ‘कबाली’, २०१६. ब्रिटिशांच्या काळात रबराच्या मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या तमिळ लोकांच्या वंशजांची ही गोष्ट. रजनीकांत तुरुंगात वाय. बी. सत्यनारायण यांचे ‘माय फादर बालय्या’ हे पुस्तक वाचत बसलेले दिसतात, आणि मग पंचवीस वर्षांनी सुटका होताना ते सूट घालून बाहेर येतात. पुढे सिनेमाभर तो सूट उतरत नाही. गांधींनी कपडे उतरवण्यामागे आणि आंबेडकरांनी कोट घालण्यामागे कारण आहे, अशा अर्थाचा संवाद नायकाच्याच तोंडी आहे.

कपड्याचे राजकारण आपल्याला नवीन नाही. कुणी काय घालायचे, किती घालायचे, कुठपर्यंत घालायचे हे जातीने ठरवलेल्या समाजात बाबासाहेबांनी तीन तुकड्यांचा सूट घातला. गावोगावच्या पुतळ्यांवर तो निळ्या रंगात उभा आहे. मूर्तिकारांनी आणि रंगाऱ्यांनी तो निळा केला, आणि लोकांनी तोच खरा मानला. एका कृष्णधवल फोटोतल्या कोटाला आपल्या समाजाने रंग दिला, हे किती मोठे सामूहिक डिझाइन आहे याचा आपण विचार करत नाही. ‘कबाली’च्या वेळी एका विमान कंपनीने आपल्या विमानावर रजनीकांतचे चित्र रंगवले होते. त्याची बातमी सगळ्यांनी दाखवली. सूटचा अर्थ मात्र फार थोड्यांनी सांगितला.

मग २०१८ चा ‘काला’. या प्रवासात दिग्दर्शक आपल्या दारात आला. धारावीत.

धारावीत तमिळ लोक जुने आहेत. तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामासाठी आलेले, इडलीच्या धंद्यातले. शेजारी सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा, पलीकडे तेरा कंपाऊंड, जिथे सगळ्या मुंबईचे प्लास्टिक रंगांनुसार वेगळे होऊन पोत्यांत भरले जाते. रंजित यांनी मुंबईत चित्रीकरण केले, पण बऱ्याचशा भागासाठी चेन्नईत धारावीचा मोठा सेट उभारला. ज्यांनी धारावी पायी पालथी घातली आहे त्यांना काही ठिकाणी तो सेट ओळखू येतो. गल्ल्या जरा जास्तच रुंद आहेत.

सिनेमाची रंगयोजना अगदी उघड आहे. नायक करिकालन, म्हणजे काला, काळे कपडे घालतो. नाना पाटेकर यांनी केलेला राजकारणी हरिदादा पांढरे कपडे घालतो, त्याचे घर पांढरे, त्याची घोषणा स्वच्छ मुंबईची. त्याच्या बाजूच्या बिल्डर कंपनीचे नाव ‘मनु रिअल्टी’. हरिदादा काल्याच्या घरी येतो तेव्हा समोर ठेवलेले पाणी पीत नाही. महाडच्या मातीतल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. काल्याच्या जीपचा नंबर आहे एमएच ०१ बीआर १९५६. भीमराव रामजी, आणि धम्मदीक्षेचे व महापरिनिर्वाणाचे वर्ष. थिएटरात हा नंबर दिसला तेव्हा आमच्या शेजारच्या रांगेतला एक पोरगा ओरडलाच.

काळा हा कष्टाचा रंग आहे, आमच्या चाळीत येऊन बघ, तुला जी घाण वाटते ती आमच्याकडे रंग होऊन दिसेल, असे काला हरिदादाला सांगतो. शेवटी हरिदादा धारावीत भूमिपूजनाला येतो. जमलेली माणसे काळ्या कपड्यांत आहेत. आधी काळा रंग उधळला जातो, मग लाल, मग निळा. पांढऱ्या कपड्यांतला माणूस त्या रंगांत बुडून जातो. काळा द्रविड चळवळीचा, लाल कष्टकऱ्यांच्या चळवळीचा, निळा आपला. तमिळ राजकारणात पेरियारवादी, कम्युनिस्ट आणि आंबेडकरवादी यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही. आपल्याकडेही लाल-निळ्याची भांडणे जुनी आहेत. रंजित यांनी ते तीन रंग एका चौकात आणले आणि क्रमाने उधळले. निळा शेवटी आला, हा क्रमही विचार करूनच लावलेला असणार. गंमत म्हणजे मराठीत ‘काला’ म्हणजे सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून केलेला खाऊ. तमिळ दिग्दर्शकाच्या मनात तो अर्थ नसावा, पण शेवटचा प्रसंग आपल्या काल्यासारखाच आहे.

याच सिनेमात अंजली पाटील या आपल्या नाशिकच्या अभिनेत्रीने केलेली पुयल नावाची कार्यकर्ती आहे. आंदोलनात पोलीस तिची सलवार ओढून काढतात. समोर जमिनीवर कपडा पडलेला आहे आणि लोखंडी सळईही. ती कपड्याकडे जात नाही, सळई उचलते. भारतीय सिनेमात इतकी वर्षे बाईची अब्रू कपड्यात बांधून ठेवली गेली. इथे ती गाठ सुटली. रंजित यांच्या आधीच्या सिनेमांत बाईला इतकी जागा नव्हती, हेही सांगायला हवे.

‘काला’बद्दल आमची एक तक्रार आहे. पांढऱ्याची. सिनेमात पांढरा म्हणजे शुद्धतेचा अहंकार, सोवळे, वरून खाली बघणे. तमिळ राजकारणात पांढरा शर्ट आणि पांढरी वेष्टी हा पुढाऱ्यांचा गणवेश आहे, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला हे चटकन पोहोचते. पण आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे पांढरी वस्त्रे घालून आली होती. अनेकांकडे पांढरे लुगडे नव्हते, ते उसने मागून, विकत घेऊन, धुऊन नेसले असे आपण आपल्या आज्यांकडून ऐकले आहे. पौर्णिमेला विहारात आजही पांढरी साडी, पांढरा सदरा असतो. ज्यांना मळके म्हणून दूर ठेवले त्यांनी पांढरे नेसणे हे बंड होते. ‘काला’ पाहिल्यावर आमच्या अभ्यासवर्गात एका मावशींनी हेच विचारले, की मग आम्ही विहारात नेसतो ते काय? उत्तर देताना आमची जरा धांदल उडाली. कोणत्याही रंगाचा अर्थ त्याच्या डबीत भरून येत नाही. तो कुणाच्या अंगावर आहे आणि त्याला तो घालायची मुभा आधी होती की नव्हती, यावर ठरतो. असे काहीतरी आम्ही म्हणालो. मावशींचे समाधान झाले असे वाटले नाही.

निळ्याचेही तसेच. १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तिचा झेंडा निळा होता. पुढे रिपब्लिकन पक्षाने तोच रंग घेतला. आकाश सगळ्यांवर सारखे, म्हणून निळा, असे आपल्याकडे सांगतात. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये कोलंबोत बौद्ध ध्वज तयार झाला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी, आणि शेवटची पट्टी या सगळ्यांची मिळून. आज आपण ज्याला पंचरंगी ध्वज म्हणतो तो हाच. त्याचे माप आणि आकार नीट करण्यात कर्नल ऑल्कॉट यांचा हात होता. याच ऑल्कॉट यांच्या मदतीने तमिळ विचारवंत अयोत्तीदास पंडितर १८९८ मध्ये श्रीलंकेला गेले, तिथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मद्रासला परतून शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षे आधी मद्रासमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला एक माणूस बुद्धाकडे वळला होता. आपल्या अभ्यासवर्गांत हे नाव फार कमी येते. ही उणीव आपली आहे.

रंजित यांनी मात्र हे नाव मंचावर आणले. २०१७ मध्ये संगीतकार तेन्मा यांच्यासोबत त्यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गानवृंद उभा केला. नाव अयोत्तीदासांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या कल्पनेवरून घेतले. उत्तर चेन्नईत अंत्ययात्रेत गायली जाणारी गाणा गाणी, रॅप आणि रॉक एकत्र. ज्या गायकांना लोक फक्त मयतीला बोलवत, ते सूट घालून भर मंचावर उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. पुन्हा सूट. पुन्हा तोच धागा.

त्यांच्या संस्थांचे नावही नीलम. तमिळमध्ये नीलम म्हणजे निळा. नीलम प्रॉडक्शन्सने मारी सेल्वराज यांचा ‘परियेरुम पेरुमाळ’ केला. तो अजून पाहिला नसेल तर हा लेख अर्धा सोडून आधी तो पाहा. सोमनाथ वाघमारे यांचा ‘चैत्यभूमी’ हा माहितीपटही नीलमने प्रस्तुत केला. सहा डिसेंबरला दादरला जे घडते, पुस्तकांचे स्टॉल, निळ्या टोप्या, रांगा, लहान मूर्तींचे ढीग, गाणी, ते एका मराठी आंबेडकरी दिग्दर्शकाने टिपले आणि त्याच्यामागे एक तमिळ दिग्दर्शक उभा राहिला. आपल्याकडच्या किती पैसेवाल्यांनी आपल्या पोरांच्या कॅमेऱ्यामागे असे उभे राहायची तयारी दाखवली, ते ज्याचे त्याने मोजावे.

२०२४ मध्ये रंजित यांचा ‘तंगलान’ आला. एकोणिसाव्या शतकातली, कोलारच्या सोन्याच्या खाणीची गोष्ट. सिनेमा गुंतागुंतीचा आहे, मध्येच भरकटतो, आणि पहिल्यांदा पाहताना आमचा तर काही ठिकाणी धागाच सुटला. पण त्यात शीर तोडलेली बुद्धमूर्ती आहे, जमिनीखाली गाडला गेलेला इतिहास आहे. आणि एक प्रसंग असा आहे की त्यासाठी सगळे माफ. तंगलान खाणीवरून गावी परततो तेव्हा बायकांसाठी चोळ्या घेऊन येतो. त्या बायकांनी आजवर चोळी घातलेली नाही; घालायची मुभाच नव्हती. आधी संकोच, मग हसू, मग सगळ्या मिळून नाचतात. मातीच्या रंगाच्या त्या सिनेमात त्या चोळ्यांचे रंग अचानक उजळतात. कपड्याचा एक तुकडा अंगावर येणे म्हणजे काय, हे त्या चार-पाच मिनिटांत कळते.

या सगळ्यावर आमच्या वस्तीतल्या पोरांशी बोलत असताना विषय अर्थातच विहाराशेजारच्या भिंतीवर आला. यंदा तिच्यावर फ्लेक्स लावायचा नाही, चित्र काढायचे असे ठरले. इथपर्यंत एकमत झाले. मग वाद सुरू. काहींना बाबासाहेबांचा मोठा चेहरा हवा. एकीने विचारले की रमाई आणि सावित्रीबाई प्रत्येक वेळी कोपऱ्यातच का. एक म्हणाला, आपल्या वस्तीतल्या पहिल्या पदवीधर मुलीला काढा, एका ज्येष्ठांना ते मुळीच पटले नाही. खाली सौजन्य म्हणून कुणाचे नाव टाकायचे यावर दोन बैठका गेल्या. पलीकडच्या गल्लीतला साइनबोर्ड रंगवणारा एक जुना रंगारी आहे, फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम जवळजवळ बंद झाले होते. त्याला बोलावले. त्याने भिंतीवर हात फिरवून सांगितले की आधी पोपडे काढा, प्रायमर मारा, ओल जाऊ द्या, चित्राचे नंतर बघू.

पोरांनी दोन रविवार घासून ते काम केले आहे. तळाचा एक हात मारून झाला आहे. आकाशी मारायचा की गडद निळा यावर अजून मतदान व्हायचे आहे.